कंपनीचीं चित्रें कीं चिताऱ्यांचीं?

आमच्या गांवांतील एका जुन्या क्लबाच्या वाचनालयांत मी गेलीं वीस-बावीस वर्षें नेमानें जातों. त्या दालनाच्या उत्तरेकडील भिंतीवर शिकारीचीं चार चित्रें टांगलेलीं आहेत. एकांत नदी पोहून जाणाऱ्या वाघाचा पाठलाग चालला आहे. दुसऱ्यांत घोडेस्वार साहेबांचे भाले रानडुकराच्या पाठीशीं भिडले आहेत. तिसऱ्यांत अरुंद खिंडींत वाघानें बैलावर झडप घातली आहे. आणि चौथ्यांत रानटी हत्तींचा कळप लांकडी कुंपणाच्या सापळ्यांत हांकला जात आहे. या चित्रांवर माझी दृष्टि इतक्या वेळां पडली होती कीं, पुढें पुढें तीं मला दिसेनाशींच झालीं होतीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं त्या भिंतीखालीं दोघां सभ्य गृहस्थांचा जो वाद जुंपला, त्यानें मला तीं पुन्हां नीट पाहावयास लावलें. आणि त्या निमित्तानें मनांत जें आलें तें वाचकांपुढें मांडण्याचा आज विचार आहे.

वादी होते एक सेवानिवृत्त अधिकारी, वयानें माझ्याहून बरेच वडील. प्रतिवादी होता आमच्याच कॉलेजांतील इतिहासाचा एक तरुण अध्यापक. अप्पासाहेब—आम्ही सर्वजण त्यांस याच नांवानें हांक मारतों—चहाचा पेला खालीं ठेवून म्हणाले, “काय तो काळ, आणि काय तें धैर्य! वाघाशीं समोरासमोर गांठ घालणारीं माणसें होतीं तीं. आणि रंगांची ही नजाकत आज कोणाला साधेल, सांगा!” त्यावर तो तरुण म्हणाला, “अप्पासाहेब, राग मानूं नका. पण हीं आपल्या गुलामगिरीचीं प्रमाणपत्रें आहेत. त्यांनीं आपलें रान लुटलें, आणि त्या लुटीचीं चित्रें आपण भिंतीला लावून बसलों आहों. हीं, आणि कंपनीच्या अमदानींत साहेबांकरितां काढलेलीं असलीं सारींच पशुपक्ष्यांचीं चित्रें, एकदां अडगळींत टाकलीं पाहिजेत.” इतकें बोलून दोघांनींही मजकडे पाहिलें. मीं हंसून वेळ मारून नेली. अध्यापनाचा धंदा करणारास ही युक्ति चांगली अवगत असते. परंतु त्या रात्रीं मला माझ्या त्या हंसण्याची लाज वाटली. कारण दोघांचेंही म्हणणें मला मान्य नव्हतें, आणि तें कां मान्य नव्हतें हें सांगण्याचें धैर्य मीं केलें नव्हतें.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. अप्पासाहेब स्तुति करीत होते ती शिकार करणाऱ्या साहेबाची. आमचे तरुण मित्र निंदा करीत होते ती त्याच साहेबाची. चित्र कोणीं काढलें, काय पाहून काढलें, आणि काढणाऱ्याच्या डोळ्यास काय दिसलें, हा प्रश्न दोघांपैकीं एकाच्याही मनास शिवला नाहीं. चित्राचा न्याय त्याच्या धन्यावरून करावयाचा, ही दोघांची समान चूक आहे. आणि ती केवळ आमच्या क्लबांतली नसून आमच्या विद्वानांच्या ग्रंथांतलीही आहे. तिच्यामुळें ज्यांनीं खरोखर पाहिलें त्या माणसांचीं नांवें बुडालीं, आणि ज्यांनीं नुसते पैसे मोजले त्यांचीं नांवें तरलीं.

प्रथम क्लबांतील त्या चार चित्रांचाच विचार करूं. तीं मूळ जलरंगाचीं चित्रें नव्हत. ताम्रपटावरून छापून मग रंगविलेल्या पृष्ठांच्या त्या प्रति आहेत. मूळ ग्रंथाचें नांव ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्‌स’. कॅप्टन टॉमस विल्यमसन यानें तो लिहिला, आणि लंडन येथील एडवर्ड ऑर्म या प्रकाशकानें १८०५ पासून १८०७ पर्यंत चाळीस चित्रांसह तो प्रसिद्ध केला. विल्यमसन बंगालच्या सैन्यांत वीस वर्षांवर नोकरी केलेला गृहस्थ होता, तेव्हां त्याला या देशाची माहिती होती, हें मान्य केलें पाहिजे. परंतु त्या चित्रांचा चितारी विल्यमसन नव्हे. विल्यमसनच्या आराखड्यांवरून तीं काढलीं सॅम्युएल हॉविट यानें. आणि या हॉविटनें हिंदुस्थानच्या भूमीवर कधीं पाऊल ठेवलें नव्हतें. असें असून ग्रंथाच्या लांबलचक नांवांत पौर्वात्य देशांतील शिकारीचें ‘संपूर्ण, तपशीलवार आणि बिनचूक’ वर्णन, अशी ग्वाही दिलेली आहे!

हॉविट हा हलका चितारी होता, असें माझें म्हणणें नाहीं. जनावरांचे अवयव, त्यांची धांव, त्यांची झेंप त्याला उत्तम साधत असे. परंतु जें रान त्यानें पाहिलें नाहीं, ज्या उन्हांत तो उभा राहिला नाहीं, ज्या हांकाऱ्यांच्या आरोळ्या त्याच्या कानीं पडल्या नाहींत, त्यांचें चित्र त्यानें काढावें आणि आपण त्यास आपल्या देशाचा बिनचूक दाखला म्हणून शिरसावंद्य मानावें, यांत कोठें तरी गफलत आहे. अप्पासाहेब ज्या रंगांची नजाकत वाखाणीत होते, ते बंगालच्या रानाचे रंग नव्हेत. लंडनच्या एका कारखान्यानें कल्पिलेले ते बंगालचे रंग आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या जातीच्या चित्रांचें एक ठराविक व्याकरण असतें. शिकारी हा कर्ता, वाघ हें कर्म, आणि माहूत, हांकारे, खिदमतगार वगैरे बाकीचीं सारीं माणसें म्हणजे नुसतीं अव्ययें. त्यांस लिंग नाहीं, वचन नाहीं, विभक्ति नाहीं. वाघ रानांत काय करतो, तो केव्हां निजतो, त्याच्या पट्ट्यांची ठेवण कशी असते, यांत त्या चित्रास गोडी नाहीं. वाघ मरण्याच्या आधींचा एक क्षण त्याला हवा असतो, कारण त्या क्षणानें मारणाराचें मोठेपण सिद्ध होतें. येथपर्यंत मी आमच्या तरुण मित्राच्या बाजूचा आहें. परंतु या चार चित्रांवरून ‘असलीं सारींच’ अडगळींत टाकण्याचा जो निकाल त्यानें दिला, तो मात्र घोर अन्यायाचा आहे. कारण त्याच काळांत, त्याच सत्तेच्या सावलींत, परंतु सर्वस्वीं निराळ्या डोळ्यांनीं काढलेलीं दुसऱ्या जातीचीं हजारों चित्रें आहेत, आणि तीं काढणारे आमचेच लोक होते.

या दुसऱ्या जातीचा उत्तम नमुना कलकत्त्याचा आहे. सर एलायजा इंपी हा तेथील सुप्रीम कोर्टाचा पहिला मुख्य न्यायाधीश. त्याची पत्नी मेरी इंपी हिनें आपल्या बागेंत नाना जातींचे पशुपक्षी बाळगले होते, आणि १७७७ च्या सुमारास तिनें त्यांचीं चित्रें काढविण्यास प्रारंभ केला. हें काम पुढें पांच-सहा वर्षें चाललें, आणि त्यांतून तीनशेंहून अधिक चित्रें निर्माण झालीं; त्यांत निम्म्याहून अधिक पक्ष्यांचींच आहेत. तीं काढणारे तिघे चितारी पाटण्याकडचे: शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास. मोंगली परंपरेच्या सूक्ष्म कुंचल्याचें शिक्षण घेतलेले हे लोक विलायती कागदावर जलरंगांनीं काम करूं लागले. पांढरा मोकळा कागद, त्यावर एखादी फांदी, आणि फांदीवर पक्षी. पक्ष्याचें आकारमान शक्य तेथें प्रत्यक्षाएवढें. शिकारी नाहीं, बंदूक नाहीं, हत्ती नाहीं, कोणाचा पराक्रम नाहीं. पाहणारा आणि पाहिलेला जीव, एवढे दोघेच तेथें आहेत.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत एका मोठ्या वटवाघुळाचें चित्र आहे. तें भवानीदासाचें किंवा त्याच्या अनुयायाचें असावें, असें जाणकार मानतात. वटवाघुळासारखा प्राणी आमच्या काव्यांत आला तर भुताखेतांच्या सोबतीनें येतो. या चिताऱ्यानें त्याचा एक पंख पसरलेला आणि दुसरा मिटलेला दाखविला आहे, म्हणजे एकाच दृष्टिक्षेपांत त्याच्या अंगाची दोन्ही परींची रचना समजावी. पंखाचें पातळ कातडें, त्याखालील लांब बोटांचीं हाडें, अंगावरील लव, हें सर्व इतक्या आदरानें रेखाटलें आहे कीं, तें पाहिल्यावर वटवाघुळाविषयींची आपली किळस आपल्यालाच अडाणीपणाची वाटूं लागते. ज्या चित्रानें पाहणाराची वृत्ति पालटते त्यास कला म्हणूं नये, तर मग कशास म्हणावें?

येथें आमचे कांहीं रसिक टीकाकार आक्षेप घेतील कीं, ही कला नव्हे, ही नक्कल. छायाचित्रें निघण्यापूर्वीं हीं कामें चिताऱ्यांकडून करवून घेत असत इतकेंच. छायाचित्र एका क्षणीं समोर जें असेल तें टिपतें. त्यांत पान आड आलें तर पान, सावली आड आली तर सावली. हा चितारी मात्र कित्येक दिवस त्या पक्ष्यासमोर बसून त्याचा स्वभाव मनांत सांठवितो, आणि मग काय ठेवावयाचें व काय गाळावयाचें याचा निवाडा करतो. गाळण्याच्या या निवाड्यासच आपण इतर कलांत प्रतिभा म्हणतों. कागदाचा एवढा भाग कोरा ठेवण्यास किती संयम लागतो, हें ज्यानें चार ओळींच्या जागीं चाळीस ओळी लिहिण्याचा मोह कधीं जिंकला असेल त्याला सांगावयास नको.

दुसरा आक्षेप आमच्या तरुण मित्राचा. तो म्हणेल, पाहण्याची ही रीत साहेबानें शिकविली. ती परकी आहे. हें म्हणणें इतिहासास धरून नाहीं. जहांगीर बादशहाच्या पदरीं उस्ताद मन्सूर नांवाचा चितारी होता. १६२१ साली बादशहास एक झेब्रा भेट म्हणून आला. त्याच्या अंगावरील पट्टे कोणीं रंगविले तर नाहींत ना, अशी शंका दरबारांत निघाली आणि तिची खातरजमा करण्यांत आली. मग मन्सूरनें त्याचें चित्र काढलें, तें आज लंडनमध्यें आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं बंगालची दिवाणी येण्यापूर्वींची जवळजवळ दीडशें वर्षांची ही गोष्ट. झैनुद्दीनचा डोळा हा त्या घराण्याचा वारसा आहे. साहेबानें दिला तो कागद, पगार आणि विषयांची यादी.

आणि आश्रयदात्याच्या पापानें चित्र बाटतें असें म्हणावयाचें असेल, तर मन्सूरचेंही चित्र बाटेल. कारण हा जहांगीर जबर शिकारी होता. स्वतःच्या हातानें मारलेल्या प्राण्यांचा आंकडा त्यानें आपल्या आत्मचरित्रांत नमूद करून ठेविला आहे, आणि तो सतरा हजारांवर जातो. तेव्हां शिकारीचा कलंक एकट्या इंग्रजाच्या कपाळीं लावून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. मोंगल शिकार करीत, राजपूत करीत, आमचे पेशवेही करीत. कोल्हापुरास चित्ते पाळून त्यांजकडून काळवीट मारविण्याचा शोक होता. न्याय करावयाचा तर तो धन्याच्या जातिधर्मावरून न करतां, चित्र कशाकरितां काढलें आणि त्यांत काय पाहिलें यावरून केला पाहिजे.

माझ्या पक्षाचा दुबळेपणाही मला लपवावयाचा नाहीं. या दुसऱ्या जातीचीं चित्रें निव्वळ निरागस नाहींत. बागेंतला पक्षी पिंजऱ्यांतला होता, आणि ज्या प्राण्याचें चित्र काढावयाचें तो पुष्कळदां आधीं मारला जाई. १८०४ सालीं गव्हर्नर जनरल वेल्स्ली यानें बराकपूर येथें प्राणिसंग्रह आणि निसर्गविद्येची संस्था काढली व ती फ्रान्सिस बुकॅनन याच्या हवालीं केली. तेथें हलुदारासारख्या हिंदी चिताऱ्यांनीं काढलेलीं चित्रें लंडनला रवाना होत, आणि तीं आज तेथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. देश ताब्यांत घेणें आणि देशांतील पशुपक्ष्यांची मोजदाद करणें, या दोन गोष्टी एकाच दप्तराच्या दोन फडताळांत बसत, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्याच्या दप्तरांत चित्र गेलें त्याचा हेतु आणि ज्यानें चित्र काढलें त्याचें पाहणें, या दोन भिन्न वस्तु आहेत. पहिल्या कारणासाठीं दुसऱ्यास फांशी देणें म्हणजे सावकाराच्या गुन्ह्याबद्दल कारकुनास शिक्षा करण्यासारखें होय; आणि येथें तर तो कारकून आपलाच मनुष्य होता!

आतां अप्पासाहेबांकडे वळतों. शिकाऱ्यांच्या वतीनें नेहमीं असें सांगण्यांत येतें कीं, शिकारी हाच रानाचा खरा जाणकार आणि खरा रक्षक. तेव्हां त्याच्या चित्रांतही रानाविषयींचें प्रेमच आहे. असे कांहीं झाले हें खरें. जिम कॉर्बेट हा त्यांतला अग्रगण्य. परंतु त्यानें उत्तर वयांत वाघांचीं छायाचित्रें घेण्यावर भर दिला, हें त्याचे स्तुतिपाठक सोयीस्करपणें विसरतात. एकंदर हिशेब मात्र भयंकर आहे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणें १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. त्यांत सरकारी बक्षिसांच्या आशेनें मारलेले पुष्कळ होते. वाघास प्रथम ‘उपद्रवी’ ठरवावयाचें, मग त्यास मारणारास वीर ठरवावयाचें, आणि मग त्या वीराचें चित्र दिवाणखान्यांत लावावयाचें, असा हा क्रम आहे. शिकारीचीं चित्रें या क्रमाचें नुसतें अखेरचें टोंक नव्हत. त्यांनीं पुढच्या पिढीच्या तरुण शिकाऱ्यास वाघाकडे कसें पाहावें हें शिकविलें.

आणि या क्रमाचा शेवट कोठें झाला? चित्ता या देशांतून नाहींसा झाला. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानांत जे शेवटचे तीन मारले गेले, ते तेथील राजाच्या बंदुकीनें, साहेबाच्या नव्हे. आणि १९५२ सालीं सरकारनें चित्ता नष्ट झाल्याचें जाहीर केलें. २०२२ च्या सप्टेंबरांत आफ्रिकेंतील नामिबियांतून आठ चित्ते आणून मध्यप्रदेशांतील कुनोच्या रानांत सोडावे लागले. गुलाबी डोक्याचें बदक हें दुसरें उदाहरण. जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १७९० सालीं त्यास शास्त्रीय नांव दिलें. १९४९ नंतर तें खात्रीपूर्वक कोणासही दिसलेलें नाहीं. इंपीबाईच्या संग्रहांत त्याचें चित्र आहे. तें चित्र काढणाऱ्यास, आपण एका जातीचें मृत्युपूर्व साक्षीपत्र लिहीत आहों, याची काय कल्पना असणार? शिकारीच्या चित्रानें मारणाराचें नांव राखलें. या चित्रानें मरणाराचें रूप राखलें. कोणतें भिंतीवर लावावें, याचा निवाडा अप्पासाहेबांसारख्या न्यायी गृहस्थावर सोपविण्यास माझी हरकत नाहीं.

मग इतक्या मोलाचें काम करणाऱ्यांच्या पदरीं काय पडलें? त्याच लॅथमनें हिमालयांतील मोनाल पक्ष्याचें शास्त्रीय नामकरण केलें तें मेरी इंपी हिच्या नांवावरून. बाईनें आस्था दाखविली, पैसा खर्चिला, तिचें नांव राहिलें. त्याबद्दल मला असूया नाहीं. शिवाय तिच्या संग्रहांतील चित्रांवर चिताऱ्यांचीं नांवेंही घातलेलीं आहेत, हा तिचा चांगुलपणा मान्य केला पाहिजे. परंतु झैनुद्दीनचें किंवा भवानीदासाचें नांव कोणत्या पक्ष्यास मिळालें? आणि पुढें आमच्या कलेतिहासकारांनीं या साऱ्यांवर ‘कंपनी शैली’ अशी एकच चिठ्ठी डकवून तीं नांवें गाठोड्यांत बांधून टाकलीं. २०१९ च्या डिसेंबरांत लंडनच्या वॉलेस संग्रहालयांत या चिताऱ्यांचें एक मोठें प्रदर्शन भरलें, आणि त्यांचीं नांवें आदरानें पुढें आणण्यांत आलीं. त्या प्रदर्शनाचें नांव होतें ‘विसरलेले उस्ताद’, आणि पुढें जोड होती ‘ईस्ट इंडिया कंपनीकरितां भारतीय चित्रकला’. म्हणजे उस्तादांस आठवावयाचें तेंही कंपनीचें बोट धरून! आणि ते विसरले कोणीं, हा प्रश्न तर आपण स्वतःसच विचारला पाहिजे.

हा प्रश्न आपणां महाराष्ट्रीयांस विशेष जिव्हारीं लागावा, असें एक कारण आहे. पाटणें आणि कलकत्ता दूर राहूं द्या. पुण्यांतच काय घडलें तें पाहा. सवाई माधवराव पेशव्यांच्या वेळीं पुण्यांत त्यांचा शिकारखाना होता आणि त्यांत दूरदूरचे प्राणी ठेविलेले असत. त्या वेळचा इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून दरबारीं राहत होता. त्यानें गंगाराम तांबट नांवाच्या एका पुणेकर चिताऱ्याकडून अनेक चित्रें काढविलीं. त्यांपैकीं एक आहे पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें. काल नोव्हेंबर १७९०. गेंडा हा कांहीं दख्खनचा रहिवासी नव्हे. त्यास पाहून पुण्याच्या पेठांतील लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं असतील. आडनांवावरून तांब्याचीं भांडीं घडविणाऱ्या ज्ञातींतला दिसणाऱ्या या मनुष्यानें मात्र बोटांत कुंचला धरला.

पुढें जेम्स वेल्स हा स्कॉटिश चितारी पुण्यास आला, मॅलेटच्या पुरस्कारानें शहरांत चित्रकलेची एक शाळाही निघाली, आणि गंगाराम त्यांत होता. वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढण्याचें कामही त्यानें केलें. वेल्स १७९५ मध्यें वारला. १८०३ सालीं वेरूळचा जो भव्य चित्रसंग्रह लंडनला निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर नांवें आहेत तीं वेल्सचीं आणि टॉमस डॅनियलचीं. गंगारामाचें नांव तेथें नाहीं. आणि त्याचा गेंडा? तो आज अमेरिकेंतील न्यू हेवन येथें, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयांत आहे. ‘ब्रिटिश कलेच्या’ हे शब्द वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावे. पेशव्यांचा गेंडा, पुण्याचा शिकारखाना, मराठी चितारी. आणि संग्रह ब्रिटिश कलेचा!

त्या संग्रहालयास दोष देण्यास मी तयार नाहीं. त्यांनीं चित्र जपलें, त्याच्या नोंदींत गंगारामाचें नांव घातलें, आणि जुन्या चित्रांच्या प्रतिकृति सर्व जगास विनामूल्य खुल्या केल्या. दोष आमचा आहे. पेशवाईवर कादंबऱ्या, नाटकें, पोवाडे, चित्रपट यांचा आम्हीं पाऊस पाडला. कोणी कोणत्या लढाईंत कोणत्या रंगाच्या घोड्यावर बसला होता याविषयीं आमच्यांत हातघाईचे वाद होतात. परंतु गेल्या वर्षीं मीं माझ्या वर्गांतील साठ-पासष्ट विद्यार्थ्यांस गंगाराम तांबट कोण, असा प्रश्न केला, तेव्हां एकाचाही हात वर झाला नाहीं. मागील बांकावरच्या एकानें ‘सर, तांबट आळींत राहणारा कोणी असेल’ असें उत्तर दिलें, आणि सारा वर्ग हंसला. मला हंसूं आलें नाहीं. कारण स्वतः मला हें नांव पन्नाशीच्या घरांत आल्यावर कळलें, आणि तेंही एका इंग्रजी पुस्तकांतून.

दुसरे लोक या बाबतींत कसे वागतात तेंही पाहावें. मलाक्का येथें विल्यम फार्कर या कंपनीच्या अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं चिनी चिताऱ्यांकडून तेथील पशुपक्षी व वनस्पति यांचीं ४७७ चित्रें काढविलीं. त्या चिताऱ्यांचीं नांवेंसुद्धां शिल्लक नाहींत. तरी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा संग्रह विक्रीस निघाला, तेव्हां सिंगापूरच्या एका गृहस्थानें तो विकत घेऊन आपल्या देशाच्या संग्रहालयास दिला. आमच्याजवळ चिताऱ्याचें नांव आहे, गांव आहे, महिना आणि साल आहे. नाहीं ती फक्त आस्था.

तेव्हां माझ्या मागण्या चार आहेत, आणि त्यांपैकीं एकीसही फारसा पैसा लागत नाहीं. ‘कंपनी शैली’ हा शब्द कालदर्शक म्हणून हवा तर ठेवा; परंतु गुणदोषांचा निकाल म्हणून तो वापरूं नका. जेथें चिताऱ्याचें नांव ठाऊक आहे, तेथें तें प्रथम लिहा आणि धन्याचें मागून. आमच्या मुलांच्या क्रमिक पुस्तकांत पेशवाईच्या प्रकरणांत गंगारामाचा गेंडा छापा; पेशव्यांच्या पुण्यांत तरवारीखेरीज आणखी एक हत्यार होतें हें त्यांस कळूं द्या. आणि शिकारीचीं चित्रें उतरवूं नका. तीं जेथें आहेत तेथें राहूं द्या, परंतु त्यांखालीं स्वच्छ अक्षरांत लिहा कीं, हीं चित्रें काढणाऱ्यानें हा देश पाहिला नव्हता. अडगळींत टाकलेलें खोटें पुन्हां केव्हां तरी खरें म्हणून बाहेर येतें. उजेडांत ठेवून त्यावर खरें लिहिलेलें बरें.

मागच्या महिन्यांत मीं अप्पासाहेबांच्या आणि आमच्या तरुण मित्राच्या हातीं त्या गेंड्याच्या चित्राची एक मोठी प्रतिकृति ठेविली. अप्पासाहेबांनीं चष्मा लावून ती बराच वेळ न्याहाळली आणि ‘हा आपल्या पुण्याचा?’ एवढेंच विचारलें. तरुण मित्र कांहीं बोलला नाहीं. पण त्यानें तारीख आपल्या वहींत टिपून घेतली. माझ्या खर्चानें ती प्रतिकृति चौकटींत घालून त्याच भिंतीवर लावण्याची परवानगी मीं क्लबाच्या समितीकडे लेखी मागितली आहे. समितीचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तें येवो न येवो. ज्या वाचकाच्या हातीं तें चित्र जेव्हां केव्हां पडेल, त्यानें त्याखालीं निदान पेन्सिलीनें इतकें लिहून ठेवावें, ही माझी विनंति आहे: हें चित्र गंगाराम तांबट यानें पुण्यांत, १७९० च्या नोव्हेंबर महिन्यांत काढलें.